वाइनचा कारखाना पाहायला निघताना

आमचे धाकटे भावजी मुलुंडला राहतात. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या थोरलीचा साखरपुडा होता, म्हणून आम्ही तासगावकडची मंडळी चार दिवस मुंबईला गेलो. मंडळी म्हणजे हे, मी आणि सासूबाई. मुलगा आणि सून बागेवर राहिली. पाहुणे पांगल्यावर रात्री भावजींनी विषय काढला, "दादा, नाशिकला वाइनचा कारखाना बघून येऊ. आमच्या सोसायटीतली पोरं शनिवार-रविवारी तिकडंच असतात."

सासूबाई माळकरी. त्यांनी कानांवर हात ठेवले. पण यांनी नाही म्हटले नाही, आणि त्याला कारण होते. दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ गावात येऊन गेले होते. दोन एकर थॉमसन काढा, वाइनची द्राक्षे लावा, सगळा माल आम्ही उचलतो, असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून यांच्या मनात चलबिचल होती. मी म्हटले, आपला माल ज्याच्या पोटात जाणार, ते पोट तरी आधी पाहू या.

तुमच्यापैकीही कोणाचे अंधेरी-बोरिवलीला, घाटकोपरला कोणी असेल आणि असा बेत निघाला, तर पहिली गोष्ट महिन्याची. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. कारखाना जिवंत दिसतो तो तेवढ्याच दिवसांत. क्रेट येतात, घड यंत्रात पडतात, देठ एकीकडे आणि रस एकीकडे होतो. पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवेगार दिसतील, पण वेलीवर पानांशिवाय काही नाही आणि टाक्या बंद. अडचण अशी की हेच महिने आपल्याही तोडणीचे. आमची छाटणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणून जानेवारीअखेर बाग मोकळी झाली होती. नाहीतर कुठला साखरपुडा आणि कुठले नाशिक!

दुसरे, वार पाहा. शनिवार-रविवारी सगळी मुंबई तिथे लोटते, माहिती सांगणाऱ्याला बोलायला सवड नसते. मंगळवार-बुधवार बरा. २६ जानेवारीची सुट्टी पाहून बेत आखू नका, त्या दिवशी राज्यात ड्राय डे असतो. आधी फोन करून वेळ ठरवावी, चव घेण्याचे पैसे किती आणि वयाची अट काय तेही विचारावे.

आम्ही बुधवारी पहाटे पाचला भावजींच्या गाडीने निघालो. ठाणे, भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी. उजाडायच्या आत भिवंडी मागे टाकली तर बरे, नाहीतर ट्रकांच्या रांगेत दिवस जातो. बोरिवलीकडच्यांना घोडबंदर रस्त्याने ठाण्याला यावे लागते. गाडी नसेल तर सकाळची तपोवन एक्सप्रेस आहे. मुलुंड-घाटकोपरकरांनी लोकलने ठाण्याला जाऊन ती धरावी, नाशिकरोडला उतरून पुढे रिक्षा ठरवावी. सासूबाईंची अट होती, आधी रामकुंड आणि काळाराम, मग तुमची वाइन. ती पाळली.

कारखाने एकाच जागी नाहीत. काही इगतपुरी तालुक्यात, काही दिंडोरीकडे, काही विंचूरच्या वाइन पार्कमध्ये. आम्ही गंगापूर धरणाजवळच्या 'सुला'ला गेलो. राजीव सामंत नावाचे गृहस्थ अमेरिकेत नोकरीला होते. नोकरी सोडून नाशिकला वडिलोपार्जित जमिनीवर आले. आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे करून पाहिले आणि मग वाइनच्या द्राक्षांकडे वळले. कारखान्याला नाव दिले आईचे, सुलभा. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट.

वेलीजवळ गेल्यावर हे पाहतच राहिले. मणी बोराएवढेसुद्धा नाहीत, साल जाड, आत बिया. आपण मणी फुगवायला जी.ए.च्या बुडव्या देतो, विरळणी करतो, सालीला डाग पडू नये म्हणून जिवाचे रान करतो. इथे मणी लहान हवा, कारण रंग आणि वास सालीत असतो. खाण्याचे द्राक्ष आपण सोळा-अठरा ब्रिक्सला तोडतो, वाइनचे बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. माल मात्र एकरी आपल्या निम्म्याच्या आसपास.

आत स्टीलच्या उंच टाक्या, गार ठेवलेल्या. पांढऱ्या वाइनला फक्त रस घेतात, तांबडीला सालीसकट आंबवतात. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा बिनरंगीच असतो, हे मला पन्नाशीत कळले. यीस्ट साखर खाते, तिची दारू होते. पुढे काही वाइन ओकच्या लाकडी पिंपांत मुरत ठेवतात. मला आपली लोणच्याची बरणी आठवली.

पाहुण्यांच्या मौजेसाठी हंगामात द्राक्षे पायांनी तुडवायचा खेळही असतो. सासूबाई म्हणाल्या, "अन्नाला पाय लावतात होय गं?" आणि तोंड फिरवून बसल्या. मला त्यांचे पटले. वर्षभर रात्रीचे पाणी धरून पिकवलेल्या घडावर नाचायला आपल्याच्याने व्हायचे नाही.

मग चव. चार-पाच पेल्यांत घोट-घोट ओततात. आधी रंग पाहायचा, पेला फिरवायचा, हुंगायचे, मग जिभेवर घोळवायचे. थुंकायला भांडे असते, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. यांनी सोव्हिन्यों ब्लांक नावाची पांढरी हुंगली आणि म्हणाले, "ढोबळ्या मिरचीचा वास येतोय." आम्हाला हसू आले, पण सांगणारा पोरगा म्हणाला, काका, अगदी बरोबर. मी घोटभर घेतली, आंबट लागली. सासूबाईंनी पाणी घेतले. भावजींना गाडी चालवायची होती. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमवर दारू सापडली तर कायदा सोडत नाही, तेव्हा ज्यांनी बेत काढला तेच कोरडे राहिले.

खरे काम पुढेच झाले. आत यांनी भावाचे विचारले तर त्या पोराला ते ठाऊक नव्हते, त्याचे काम चव सांगायचे. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मात्र वाइनची द्राक्षे लावणारे एक शेतकरी भेटले. अर्धा तास बोलत होते. करार लेखी असतो, भाव जातीवर आणि साखरेवर, क्रेट परत येऊ नये म्हणून तोडणीची तारीख कारखान्याला विचारून. औषधांचा खर्च कमी, मजुरी कमी. "पण ताई," ते म्हणाले, "गिऱ्हाईक एकच. त्यानं नाही म्हटलं तर हा माल मंडईत कोण घेतो? बेदाणा तरी कसा करणार बियांचा?"

त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला वाइन पार्क काढले, कारखाने वाढले, शेतकऱ्यांनी बागा लावल्या. २००८ नंतर मंदी आली, खप बसला, कारखान्यांत माल पडून राहिला. कितीकांनी चांगल्या धरत्या बागा कुऱ्हाड लावून काढल्या. यांनीही लावली होती. चार वर्षांनी पुन्हा लावली, पण या वेळी एकच एकर, बाकी खाण्याची. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा खप वाढेल अशी आशा होती. त्यावर राज्यभर वाद झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. दारू घराघरात जाईल ही भीती खोटी नाही, असे ते स्वतःच म्हणाले. माझेही मत तेच. आमच्या गल्लीत दारूने बसलेली दोन घरे मी रोज पाहते, आणि तरी द्राक्षाला भाव मिळावा असेही वाटते. दोन्ही एकाच पोटात आहे, काय करणार!

परतताना कसारा घाटात अंधार पडला. सासूबाई मागे झोपल्या होत्या. हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपल्या तासगावात बेदाण्याचा सौदा तरी होतो. भाव पडला तरी माल घरात राहत नाही."

गावी आल्यावर यांनी त्या गृहस्थांना निरोप धाडला : करार किती वर्षांचा, माल नाही उचलला तर भरपाई किती, आणि या भागात आधी कोणाकोणाचा माल घेतलात त्यांची नावे, एवढे कागदावर लिहून आणा, मग बसू. चैत्र गेला, खरड छाटणी झाली, ते अजून आलेले नाहीत. थॉमसनच्या काड्या मात्र छान फुटल्या आहेत.