गर्भावस्थेच्या आरंभीचा अंतःस्राव : एका आकड्याचा अर्थ

दिवस गेले आहेत किंवा नाहीत, हे आज मूत्राच्या काही थेंबांवरून कळते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविकांमार्फत खेडोपाडी दिली जाणारी ‘निश्चय’ ही चाचणीपट्टी सोयगावसारख्या आडबाजूच्या तालुक्यातील स्त्रीलाही परकी राहिलेली नाही. परंतु पट्टीचे उत्तर ‘होय’ अथवा ‘नाही’ एवढेच असते. पुढे रक्ताची तपासणी केली की हाती एक आकडा येतो, आणि बहुतेक घोटाळा तेथून सुरू होतो.

हा आकडा ज्या अंतःस्रावाचा, त्याचे नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, व्यवहारात ‘एचसीजी’. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागताच, ज्यांपासून पुढे वार बनते त्या पेशी तो निर्माण करतात. अंडाशयातील पीतपिंड एरवी दोन आठवड्यांत सुकून जावयाचा. त्याला हा अंतःस्राव जगवितो. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन पुरवीत राहतो व म्हणून पाळी येत नाही.

१९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी गर्भवतीचे मूत्र अपक्व उंदरिणींना टोचून त्यांच्या अंडाशयांतील बदलावरून गर्भाचे निदान केले. त्यासाठी काही दिवस थांबावे लागे आणि उंदरिणींचा बळी जाई. या अंतःस्रावाच्या रेणूत दोन साखळ्या असतात. त्यांपैकी आल्फा साखळी पियूषिका ग्रंथीच्या इतर तीन अंतःस्रावांतही तशीच आढळते. वेगळेपण आहे ते बीटा साखळीत. १९७२ मध्ये अमेरिकेत या बीटा साखळीस ओळखणारी रक्तपरीक्षा सिद्ध झाली, आणि अल्प प्रमाणही निःसंदिग्धपणे मोजता येऊ लागले. अहवालावर ‘बीटा’ हा शब्द दिसतो तो यामुळे.

आता आकड्याकडे वळू. तो दर मिलिलीटरमागे मिलि-आंतरराष्ट्रीय एककांत देतात. शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या पाचव्या आठवड्यासाठी अनेक कोष्टकांत १८ ते ७,३४० अशी मर्यादा छापलेली असते. इतक्या रुंद दरवाजातून कोणताही आकडा आत येईल! शिवाय पाळीची तारीख ‘पोळ्यानंतर चार दिवसांनी’ अशी सांगितलेली असते, आणि बीज कोणत्या दिवशी सुटले हे तर त्या स्त्रीलाही ठाऊक नसते. म्हणून शेजारणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहणे निरर्थक होय.

अर्थ असतो तो दोन आकड्यांमधील अंतराला. आरंभीच्या आठवड्यांत हे प्रमाण साधारणतः दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास ते शिखर गाठते व मग आपोआप उतरते. तो उतार भयसूचक नव्हे. पहिला आकडा १,५०० हून कमी असेल, तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात. मूळ आकडा मोठा असेल तर अपेक्षा कमी. १८० चे ४०० झाले तर ठीकच. १,२०० चे १,४५० एवढेच झाले, तर गर्भ खुंटला असावा किंवा तो गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजला असावा, अशी शंका घ्यावी लागते. निर्णय मात्र सोनोग्राफीने करावयाचा. प्रमाण सुमारे ३,५०० च्या वर जाऊनही गर्भाशयात गर्भपिशवी दिसत नसेल, तर शंका बळावते.

शंभर गर्भधारणांत एकदोन अशा अस्थानी असतात, आणि पट्टीवर त्याही ‘होय’ असेच उत्तर देतात. येथे सोयगावच्या भूगोलाचा विचार करणे प्राप्त आहे. हा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, जिल्ह्याच्या उत्तर कडेला आहे. जिल्ह्याचे ठाणे घाट चढून पलीकडे. नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाल्यावर या वाटेतील प्रत्येक तास महाग पडतो. म्हणून पट्टी ‘होय’ म्हणत असताना पोटात एका बाजूस तीव्र वेदना, खांद्यात कळ, अंगावर रक्त जाणे वा भोवळ यांपैकी काही झाले, तर दुसऱ्या आकड्याची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. वाढ समाधानकारक दिसली तरीही हाच नियम, कारण काही अस्थानी गर्भांत ती तशीच दिसते.

लक्षणे नसतील तर ४८ तासांनी दुसरे रक्त द्यावे, आणि तेही पहिल्याच प्रयोगशाळेत. भिन्न प्रयोगशाळांच्या द्रव्यांत फरक असतो, आणि एकच नमुना दोन ठिकाणी दोन आकडे देऊ शकतो.