तंबोरा : भोपळ्याचा आणि पेटीतला

लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या गाणाऱ्या मुलीला विचारा, "तुझा तंबोरा कुठं आहे?" ती आपला फोन काढून दाखवील! तिला हसू नका. चार-साडेचार फुटांचा तंबोरा त्या एवढ्याशा खोलीत ठेवायचा कुठं, आणि नांदेडहून एस.टी.त घालून आणायचा कसा? पण या दोन तंबोऱ्यांत फरक कोणता, तो मात्र आपण समजून घ्यावा.

खरा तंबोरा म्हटला की मिरजेचा. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी मिरजेहून पंढरपूरमार्गे लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येत असे. त्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला जातात. भोपळा, दांडी, तबली ही झाली काया. जीव असतो घोडीवर. घोडीचा माथा किंचित उतरता असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत राहते, आणि एकामागून एक उपस्वर उमलतात. हीच जवारी. तार मध्यावर छेडली तर काही उपस्वर निघूच नयेत, असे जुने शास्त्र सांगे. तंबोऱ्यात ते निघतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. खर्जाची तार छेडून डोळे मिटून ऐका. कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो!

इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तयार केला. आजच्या पुष्कळ पेट्यांत खऱ्या तंबोऱ्याचाच झणकार मुद्रित करून ठेवलेला असतो. बटण दाबले की सूर हजर, आणि तो उतरतही नाही. मराठवाड्यात हे सुख लहान नव्हे, बरं का! मे महिन्यात लाकूड सुकते, पावसात फुगते, अन् खुंट्या पिळता पिळता रियाझाची वेळ निघून जाते.

पण कान तयार होतो तो याच खटाटोपात. पंचम षड्जाशी भिडवायचा, मणी तसूभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचे. शिवाय तुमचा सूर नेमका लागला की तंबोऱ्याच्या तारा न छेडता गुंजतात. हुकला की गप्प बसतात. पेटीला त्याचे काय? तुम्ही कसेही गा, ती आपली वाजतच राहते.

तेव्हा रोजच्या रियाझाला पेटी खुशाल घ्या, आवाज मात्र बेताचा ठेवा. आठवड्यातून एकदा गुरुजींकडे जाऊन तंबोरा लावा. त्यांनी लावून दिलेला नको. तारा उतरवून, पहिल्यापासून, स्वतः.