‘तू सगळ्यात हुशार!’ हीसुद्धा तुलनाच

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना केलेला पाल्हाळ थोडा कापलाय.

आज मुलांच्या आत्मसन्मानाबद्दल. तुमच्यातले बरेच जण अजून आईबाबा नाहीत, माहितीये. पण घरात भाचा, पुतणी, धाकटा भाऊ असतोच ना? आणि कित्येकदा त्यांना मोजायची फूटपट्टी तुम्हीच असता. "दादाला बघ, त्याला कधी सांगावं लागलं नाही!"

असं बोलणं वाईट, हे आता बहुतेकांना पटलंय, म्हणून त्यावर फार थांबत नाही. एवढंच सांगतो, की अशा वाक्यातून मुलाला उपयोगाची माहिती काहीच मिळत नाही. त्याचा भागाकार नेमका कुठे अडतोय, हे दादाकडे बघून कसं कळणार? कळतं एवढंच, की आपला नंबर खाली आहे.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या वाक्याची. "तू वर्गात सगळ्यात हुशार आहेस." हे आपण प्रेमानं म्हणतो, पण हीसुद्धा तुलनाच झाली की! फक्त या वेळी आपलं पोर जिंकलंय. आणि जिंकलेला नंबर मग सांभाळत बसावा लागतो.

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक या संशोधकांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांना कोडी दिली. काहींना सांगितलं, "तू हुशार दिसतोस," तर काहींना, "तू मेहनत घेतलेली दिसतेस." पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली, तिथे सगळ्यांचीच दांडी उडाली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा ‘हुशार’ गटाची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतवाल्यांची सुधारली. आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते. ‘हुशार’ गटातल्या दहातल्या जवळपास चार मुलांनी ते वाढवून लिहिले! हा प्रयोग थेट तुलनेवरचा नाही. पण शिक्का राखायला मूल काय करतं, ते यात दिसतं.

मग कौतुक करायचंच नाही का? करायचं की. फक्त जे दिसलं ते बोला. "मागच्या महिन्यात तेराच्या पाढ्यात अडखळत होतीस, आज सलग म्हटलास." (मात्र "मागच्या वेळी ८५ होते, आता ७८ का?" हे म्हणजे तीच छडी, नव्या हातात.) अभ्यासाबाहेरचंही बोला. न सांगता पाहुण्यांना पाणी दिलं, हेही दिसलं पाहिजे.

लग्नकार्यात आत्या विचारतेच, "दोघांत हुशार कोण गं?" तिथे तुम्ही मध्ये पडू शकता. "आत्या, ही सध्या कबड्डी खेळते, तिलाच विचारा ना." आत्याचा रोख हसतहसत वळतो.

आणि मुलांनी स्वतःच तुलना केली तर? सात-आठ वर्षांची झाली की ती करतातच, कुणी शिकवावं लागत नाही. "मी ताईपेक्षा ढ आहे का?" असं विचारलं, तर "छे, काहीतरीच!" म्हणून उडवू नका. "कशावरून वाटलं?" एवढंच विचारा आणि थांबा. बऱ्याचदा मागे एखादी छोटी गोष्ट निघते. वह्या वाटताना बाई काहीतरी बोललेल्या असतात. मग ताई बाजूला राहते आणि ती वही उघडून बसता येतं.