घरांतील स्थित्यंतरें व मुलांचें मन

प्रतिवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे वर्गांत कांहीं नवे चेहरे दिसतात. कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कोणाच्या एका घराचीं दोन घरें झालेलीं असतात, तर कोणी आईच्या आजारपणामुळें मामाकडे राहावयास आलेला असतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरींही सुट्टींत कमी घडलेलें नसतें. कोणाकडे पाळणा हलतो, कोणाची थोरली बहीण सासरीं जाते, कोणाच्या आजोबांची आरामखुर्ची रिकामी होते. अशा वेळीं मुलांच्या मनाचें काय होतें व वडील माणसांनीं त्यांस कसा आधार द्यावा, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

स्थित्यंतर सुखाचें असो वा दुःखाचें, त्याशीं जुळवून घेतांना मनाला श्रम पडतातच. अमेरिकेंतील होम्स व राहे या दोन डॉक्टरांनीं १९६७ सालीं आयुष्यांतील ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तींत पति वा पत्नी यांच्या मृत्यूस १०० गुण असून विवाहासारख्या मंगल घटनेसही ५० गुण आहेत. घरांत नवें माणूस येण्यास ३९, तर राहतें घर बदलणें व शाळा बदलणें यांस प्रत्येकीं २० गुण आहेत. ही मोजपट्टी प्रौढांकरितां केलेली आहे, आणि एकच घटना सर्वांस सारखीच जड जाते असेंही नाहीं. तथापि तिजवरून एवढें ध्यानांत येतें कीं, बारशाच्या गडबडींत कोपऱ्यांत रुसून बसलेलें थोरलें मूल हट्टी नसून बावरलेलें असूं शकेल.

आमच्या ओळखीच्या एका घरांतील गोष्ट सांगतों. सहा वर्षांच्या एका मुलाची आजी वारली. त्याला दुःख होऊं नये या सद्धेतूनें 'आजी गांवाला गेली' असें त्याला सांगण्यांत आलें. तो रडला नाहीं, त्यानें कांहीं विचारलेंही नाहीं. 'पोर समजूतदार आहे' म्हणून सर्वांस समाधान वाटलें. पुढें तो रात्रीं अंथरूण ओलें करूं लागला, आणि आई बाजारांत निघाली कीं तिचा पदर सोडीना. दोन महिन्यांनीं एके रात्रीं त्यानें आईस हळूच विचारलें, "मी आजीचा चष्मा लपवला होता, म्हणून ती रागावून गेली ना?" एवढे दिवस तें लेंकरूं हें ओझें एकटेंच वाहत होतें!

यांत नवल नाहीं. लहान मुलांस मरण म्हणजे कायमचें जाणें हें नीटसें उमगत नाहीं, आणि घरांत जें घडतें तें आपल्यामुळेंच घडलें असें त्यांस सहज वाटतें. वडील माणसें कारण सांगत नाहींत तेथें मूल स्वतःच कारण रचतें, आणि तें पुष्कळदां खऱ्या कारणाहून भयंकर असतें.

मुलांच्या गप्प बसण्यानें जाणतीं माणसेंही कशीं फसतात, याचें एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील आहे. तेथील पुष्कळ रुग्णालयांत पूर्वीं आईबापांस मुलांजवळ थोडाच वेळ बसूं देत. मुलें लवकरच रुळतात, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन यांनीं शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेऊन तो १९५२ सालीं दाखविला. रडूं आवरून धरणारी व मधूनमधून आईस हांक मारणारी ती पोर त्यांत दिसते. प्रथम कित्येक डॉक्टरांस तो रुचला नाहीं. परंतु रुळणें निराळें व गप्प होणें निराळें, हें हळूहळू लोकांस पटलें. पुढें १९५९ सालीं तेथील प्लॅट समितीनें आईबापांस मुलांकडे मोकळेपणीं येऊं द्यावें अशी शिफारस केली.

तर मग पालकांनीं काय करावें? पहिली गोष्ट, खरें तें सोप्या शब्दांत सांगावें: "आजी वारली. ती आतां परत येणार नाहीं. यांत तुझा कांहीं दोष नाहीं. रडूं आलें तर रड, आम्हांलाही येतें." दुसरी, जेवणाची, निजण्याची व शाळेची वेळ शक्य तों मोडूं देऊं नये, इतर सर्व बदललेलें असतां नित्यक्रमाचाच मुलास आधार वाटतो. तिसरी, आईबापांचें पटत नसल्यास मुलाला निरोप्या किंवा पंच करूं नये. झोप, भूक व अभ्यास यांची घडी कित्येक आठवडे विसकटलेलीच राहिली, तर डॉक्टरांकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक याच कामासाठीं आहे, व संकटांत सांपडलेल्या मुलांकरितां १०९८ हा आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडेही एक काम आहे. बांकावर शेजारीं नवा सोबती आला, तर त्याच्या घरच्या गोष्टी खोदून विचारण्यापेक्षां त्याला मधल्या सुट्टींत खेळावयास बोलवा. आणि तुमच्या स्वतःच्या मनांत असाच एखादा चष्मा लपलेला असेल, तर आई, आजोबा, शिक्षक, जो जवळचा वाटेल त्याला सांगून टाका.

त्या मुलाच्या आईनें त्याला कुशींत घेतलें, आजीचा आजार काय होता तें सांगितलें, आणि तो चष्मा त्याच्या हातीं दिला. तो पुष्कळ वेळ रडला. त्या रडण्यानें घरांतील माणसांचाही जीव हलका झाला.