एका मत्स्यरोगजंतूचे नामकरण

तळ्यातील मासे मरून पाण्यावर तरंगू लागले, म्हणजे मत्स्यपालकाचा पहिला प्रश्न असतो, 'रोग कोणता?' शास्त्रज्ञाचा प्रश्न त्यापुढचा : 'रोगाचा जंतू कोणता, आणि तो कोणत्या कुळातला?' या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरास किती काळ लागू शकतो, हे 'कॉलम्नॅरिस' रोगाच्या इतिहासावरून दिसून येते.

गोड्या पाण्यातील माशांचा हा रोग जगभर आढळतो. पाणी उबदार असले आणि माशांची दाटी झाली, की तो बळावतो. अंगावर फिकट चट्टे उठतात, पर झिजून फाटतात, कल्ले कुजतात. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या माशांत आढळलेल्या या रोगाचे वर्णन एच. एस. डेव्हिस यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. रोगट भागाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, लांब व सडपातळ जंतू एकत्र येऊन खांबासारखे पुंजके रचतात, असे त्यांना दिसले. लॅटिन भाषेत खांबाला 'कोलुम्ना' म्हणतात. यावरून त्यांनी जंतूला 'बॅसिलस कॉलम्नॅरिस' हे नाव दिले.

जंतूच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा असतो. जणू आडनाव आधी आणि व्यक्तिनाव नंतर. डेव्हिस यांना हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला नाही. त्यामुळे त्याचे 'आडनाव' कच्च्या आधारावर उभे होते. १९४४ साली ऑर्डल व रकर यांनी तो वाढवला आणि 'काँड्रोकॉकस' वंशात घातला. त्या वंशाचे जंतू एकत्र येऊन बीजकोश धारण करणारे फलपिंड तयार करतात. परंतु १९४५ साली गार्नजोब्स्ट यांना तशी फलपिंडे आढळली नाहीत. म्हणून जंतू 'सायटोफॅगा' झाला. १९७४ साली तो 'फ्लेक्सिबॅक्टर' वंशात गेला. जंतू तोच, आडनाव मात्र चौथे!

या घोटाळ्याचे कारण उघड आहे. आकार, पिवळा रंग, सरपटणारी चाल ही लक्षणे दूरच्या नात्यातील जंतूंतही सारखी असू शकतात. पुढे आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली, तेव्हा खरे नाते कळले. १९९६ साली बर्नार्दे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जंतू 'फ्लेव्होबॅक्टेरियम' वंशात आणला. हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने 'कॉलम्नॅरिस'चे 'कॉलम्नॅरे' झाले. मराठीत 'पांढरा घोडा', पण 'पांढरे वासरू' म्हणतो, तसेच हे.

तरीही कोडे पुरते सुटले नव्हते. या एका नावाखाली चार जाती दडल्या होत्या, असे २०२२ साली मांडण्यात आले. 'कॉलम्नॅरे' हे नाव एकीकडे राहिले. दुसरी 'कोव्हे', संशोधिका कोवादोंगा आरियास यांच्या स्मरणार्थ. तिसरी 'डेव्हिसिआय', मूळ संशोधकाच्या सन्मानार्थ. चौथी 'ओरिओक्रोमिस', कारण ती मुख्यतः तिलापिया, म्हणजे आपल्याकडील चिलापी माशात आढळते.

ही केवळ शब्दांची उठाठेव नव्हे. अमेरिकेतील तळ्यांत पाळलेल्या कॅटफिश माशांना विशेषतः 'कोव्हे' जाती ग्रासते. एका जातीपासून केलेली लस दुसरीपासून रक्षण करीलच, असे गृहीत धरता येत नाही. जुन्या अहवालांतील 'कॉलम्नॅरे' म्हणजे चारांपैकी नेमकी कोण, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. त्यासाठी जपून ठेवलेला जंतूच तपासावा लागतो. म्हणूनच आजच्या नियमांनुसार, नव्या जातीचा नमुना दोन निरनिराळ्या देशांतील जंतुसंग्रहांत ठेवल्याखेरीज तिचे नाव ग्राह्य धरले जात नाही.