टोले देणाऱ्या जेबघड्याळाची पारख

कळ दाबली की तास आणि पाव तास टोल्यांनी सांगणारे जेबघड्याळ मुळात अंधारासाठी बनले. काडेपेटी नव्हती, तेव्हा मध्यरात्री वेळ कळायला कानच उपयोगी पडत. लंडनमध्ये १६८७ च्या सुमारास एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर या दोघांनीही या युक्तीवर हक्क सांगितला. क्वेअरच्या घड्याळात तास आणि पाव तास एकाच कळीवर वाजत, म्हणून राजा दुसऱ्या जेम्सने कौल त्याला दिला.

अशा घड्याळाला रिपीटर म्हणतात. कोणी कळ न दाबता स्वतःहून टोले देणारे घड्याळ वेगळे, आणि वर्णनात हा फरक पहिल्या ओळीतच यायला हवा. रिपीटरमधली कळ सरकवली की टोल्यांची छोटी कमान ताणली जाते. मग एक दांडा गोगलगायीच्या शंखासारख्या पायऱ्यांच्या चकतीवर टेकतो आणि ज्या पायरीवर थांबेल तितके टोले पडतात. मिनिटेही सांगणाऱ्या घड्याळाची खरी परीक्षा १२ वाजून ५९ मिनिटांनी होते. त्या वेळी तासांचे १२ टोले, पाव तासांच्या ३ जोड्या आणि मिनिटांचे १४ टोले पडायला हवेत. कळ अर्धवट सरकवली तर चांगले घड्याळ चुकीची वेळ सांगण्यापेक्षा गप्प राहते. टोले चालू असताना काटे मात्र फिरवू नयेत.

काळ ठरवायला आवाजाचे साधन मदत करते. जुन्या घड्याळात डबीच्या आत घंटी असते. अब्राहम-लुई ब्रेगे याने १७८३ च्या सुमारास तिच्या जागी पोलादी तारेचे वेढे आणले, त्यामुळे घड्याळे पातळ झाली.

तबकडीवरचे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा होय. ते पुष्कळदा विक्रेत्याचे असते, आणि अठराव्या शतकात युरोपात लंडनची खोटी नावे कोरलेली घड्याळे सर्रास बनत. डबी आणि यंत्र एकमेकांसाठीच बनले आहेत का, हे पाहणे अधिक मोलाचे. कळीची खाच यंत्रातल्या दांड्याशी जुळते का? डबीत बुजवलेले भोक किंवा स्क्रूच्या जादा खुणा आहेत का? तसे असेल तर यंत्र दुसऱ्या डबीत बसवलेले असण्याचा दाट संशय येतो.

धातूचे छाप भिंगातून वाचावेत. इंग्रज चांदीवर चालता सिंह आणि वर्षाचे अक्षर असते. स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्यानंतर ०.८७५ चांदीवर अस्वल आणि १४ कॅरट सोन्यावर खार आली. छाप डबीचे वय सांगतो. यंत्राचे वय वेगळे ठरवावे लागते.

बीदर आणि कलबुर्गी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे तिथल्या एखाद्या घरात असे घड्याळ निघाले, तर जुन्या घड्याळांचा मोठा संग्रह पाहायला हैदराबादचे सालारजंग संग्रहालय सोयीचे. नोंद करताना व्यास, धातू, सगळे क्रमांक, छाप, टोल्यांचा प्रकार, तबकडीच्या चिरा आणि बदललेले भाग लिहावेत, झाकणे उघडून छायाचित्रे घ्यावीत. डबीला पॉलिश मात्र करू नये, कारण त्याने छाप झिजतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाशी बोलण्याआधीच घड्याळाचे वय ठरवून घ्यावे.