कान सुजतो, पण पाळी नाही

कानाला हात लावून बघा. वरचा भाग दुमडला तरी सोडताच परत उभा राहतो. तो कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा. खाली जिथं डूल घालतो त्या पाळीत कूर्चा नसते, नुसती चरबी आणि कातडी. एवढं ध्यानात राहिलं तर आजचा आजार अर्धा समजला.

त्याचं नाव रिलॅप्सिंग पॉलीकॉन्ड्रायटिस. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच कूर्चेवर उलटते. कान लालबुंद, गरम होतो, उशीवर टेकवत नाही, पण पाळी चांगलीच राहते. काही दिवसांनी उतरतं आणि पुन्हा येतं, कधी दुसऱ्या कानाला. टोचलेला कान पिकला तर एकच कान सुजतो. दोन्ही कान पुन्हापुन्हा सुजले तर साधं दुखणं समजू नका. १९२३ साली प्राग शहरात याची पहिली नोंद झाली. दहा लाखांत वर्षाला अंदाजे तीन-चार नवे रुग्ण, बहुतेक चाळिशी ते साठीतले. त्यामुळं डॉक्टरांनाही चटकन आठवत नाही.

नाकाची कूर्चा झिजली की दांडा बसतो. मग वस्तीत कुजबुज होते, महारोग असणार, आणि बाईचं ताट-वाटी वेगळी होते. कुष्ठरोगात पाळीच जाड होते, दुखत नाही, अंगावर बधिर चट्टे असतात. इथं उलटं. हा आजार स्पर्शानं, उष्ट्यानं कशानंच पसरत नाही. (आणि कुष्ठरोगही औषधानं पूर्ण बरा होतो, हे किती वेळा सांगायचं!) डॅप्सोन ही गोळी दोन्हींत वापरतात, तेव्हा पाकीट बघून निदान करू नका.

खरी भीती श्वासनलिकेची. तीही कूर्चेच्या कड्यांवरच उभी असते. आवाज बसला, गळ्याचा पुढचा भाग दाबल्यावर दुखला, श्वास घेताना शिट्टी वाजली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. डोळे लाल होणं, सांधे धरणं, अचानक कमी ऐकू येणं, चक्कर, हेही यातच येतं. काहींच्या हृदयाच्या झडपेवरही परिणाम होतो.

एका रक्ततपासणीनं हा आजार ठरत नाही. औंधच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जा, पुढं मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचं ससून. संधिवाताचे डॉक्टर विचारा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरते, पण बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. साखर आणि बीपी तपासत राहा. तिथं पोचेपर्यंत कान बहुधा उतरलेला असतो, म्हणून लाल असतानाच मुलाच्या मोबाईलवर फोटो काढून तारखेसह ठेवा.